हजेरीपटावरचा ठिपका

दोन हजार तेवीस साल उजाडलं तेव्हा अंजनी वैरागडे एकसष्ट वर्षांची होती आणि तिच्या नावावर अर्ध्या राहिलेल्या सात गोष्टी होत्या. हा सातचा आकडा तिने नव्हे, तिच्या मुलाने काढलेला. अंबरीश शाळेत असताना त्याने माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेवर खडूने 'आईचं अर्धं' असं लिहून ठेवलं होतं, आणि पाहुणे आले की आत काय काय आहे ते तो मोठ्याने वाचून दाखवायचा. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका. शिवणाच्या डिप्लोम्याची वही. हिंदी टायपिंगचं पुस्तक. हार्मोनियमच्या धड्यांचा कागदी गठ्ठा. क्रोशाचा टेबलक्लॉथ, ज्याचा चौथा कोपरा विणायचाच राहिला. एक बिनबाह्यांचा स्वेटर, आणि पोस्टाने येणाऱ्या संस्कृतच्या परीक्षेची पहिली पुस्तिका.

सगळे हसायचे, अंजनीही हसायची. पण त्यातली एकेक गोष्ट कोणत्या दिवशी हातातून सुटली, हे तिला कोणी कधी विचारलं नाही. तिला मात्र तारखा पाठ होत्या. एम.ए. सुटलं ते सासूबाईंची उजवी बाजू गेली त्या आषाढात. शिवण सुटलं अंबरीशच्या गोवराने. हार्मोनियम सुटली कारण नवऱ्याला रात्रपाळी लागली, तो दिवसा झोपायचा, आणि झोपलेल्या माणसाच्या घरात सा लावायचा तरी कुठे.

नवरा म्हणजे भाऊराव. फॅक्टरीत सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातली चौतीस टाइम ऑफिसात. आज लोक बोट टेकवून हजेरी लावतात, पण तेव्हा गेटापाशी खिळ्यांचा भलामोठा फळा असायचा आणि एकेका खिळ्यावर एकेका कामगाराचं नंबर कोरलेलं पितळी टोकन. आत शिरताना आपलं टोकन काढून समोरच्या फळ्यावर अडकवायचं. भोंगा थांबला की भाऊराव फळ्याला जाळी लावायचे आणि मस्टरवर हजेरी मांडायला बसायचे. हजर त्याला पी, गैरहजर त्याला लाल ए. टोकन फळ्यावर आहे पण माणूस मशीनपाशी दिसला नाही, तर त्याच्या पी-खाली पेन्सिलीने एक बारीक ठिपका. ठिपका म्हणजे चौकशी बाकी. पाळी सुटेपर्यंत तो ठिपका खोडायचा, नाही तर पी-चा ए करायचा.

या ठिपक्याची गोष्ट वैरागड्यांच्या घरात शंभर वेळा तरी सांगून झाली होती, कारण ती घरातलीच होती. चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरात, दाट धुक्याच्या एका सकाळी, अंजनीचा धाकटा भाऊ शशिकांत चार मिनिटं उशिरा पोचला. तो त्याच फॅक्टरीत फिटर होता. मित्राने त्याचं टोकन आधीच लावून ठेवलं होतं. भाऊरावांनी ठिपका दिला, चौकशी केली आणि सख्ख्या मेव्हण्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. पुढे दोन वर्षं शशिकांत भाऊबीजेला आला नाही. दोन्ही वर्षी अंजनीने ताट तयार केलं, गच्चीवर गेली आणि चंद्राला ओवाळून खाली आली. तिसऱ्या वर्षी तो आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, मी तुझ्याकडे आलोय. टाइमकीपरकडे नाही." भाऊराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "वेळेवर आलास पण."

असा तो माणूस.

तर तेवीस सालच्या संक्रांतीला अंजनीच्या घरी हळदीकुंकू होतं. जबलपुरात चेरीतालच्या त्यांच्याच गल्लीत राहणारी हर्षाताई आपल्या भाचीला घेऊन आली. समिधा तिचं नाव. सव्वीस वर्षांची, नेपियर टाउनात एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत ती कुंडलिनी योग शिकवायची. मराठी तिला सगळं समजायचं, बोलताना मात्र दुसऱ्या वाक्याला हिंदी यायची.

"कुंडलिनी म्हणजे तो साप ना गं?" एका बाईने तिळगूळ तोंडात टाकत विचारलं.

"साप नहीं, आंटी. ऊर्जा. पाठीच्या कण्यात असते ना, ती."

"माझ्या कण्यात तर वायू आहे," हर्षाताई म्हणाली, आणि बायका हसू लागल्या.

अंजनी वाण देता देता थांबली होती. ती कित्येक वर्षं पहाटे साडेतीनला जागी व्हायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे पाहत पडायची. पण तिने झोपेबद्दल विचारलं नाही. तिने विचारलं, "हे घरी करता येतं का गं? क्लासला न येता?"

"हो, मौसी. सुरुवात तो घर पे ही अच्छी है. तीन मिनट की क्रिया, ग्यारह मिनट का ध्यान. बस. चाळीस दिवस रोज. पर एक नियम है. बीच में एक भी दिन छूटा, तो गिनती फिर एक से."

"हे बाई कठीण," हर्षाताई म्हणाली. "आणि आपल्या अंजनीला तर..." पुढचं तिने गिळलं. पण ते सगळ्यांना ऐकू आल्यासारखंच झालं.

अंजनीने वाणाचं ताट खाली ठेवलं. "उद्यापासून सुरू करते," ती म्हणाली. चाळीस. एम.ए.ला वर्षं लागतात, हार्मोनियमला जन्म. चाळीस दिवसांना मात्र दुसरं टोक होतं, आणि ते उभ्या जागेवरून दिसत होतं.

सोळा जानेवारीला पहाटे सव्वापाचला समिधा स्वतः आली, पहिल्या दिवसापुरती. जबलपूरच्या थंडीत तोंडातून वाफ निघत होती. मधल्या खोलीत घोंगडी घालून तिने अंजनीला बसवलं. डोक्याला पांढरं सुती कापड गुंडाळायचं म्हणून भाऊरावांचं जुनं उपरणं काढलं. हात छातीशी जोडून आधी मंत्र, मग पाठीचा कणा पुढे-मागे हलवायचा, मग हात डोक्यावर सरळ उचलून बोटं जोडायची आणि नाभी आत ओढताना 'सत', सोडताना 'नाम'. तीन मिनिटं. त्यानंतर हात गुडघ्यांवर, डोळे मिटून नुसता श्वास पाहत बसायचं, अकरा मिनिटं.

"ज़बरदस्ती नहीं करना, मौसी. चक्कर आली तर थांबायचं. घुटना दुखे तो कुर्सी पे बैठो."

पहिल्या मिनिटाला अंजनीचे खांदे भरून आले. दुसऱ्याला पोट आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं. दारात उभे असलेले भाऊराव म्हणाले, "काय करून राहिली तू? भाता चालवून राहिली का?"

तिला हसू फुटलं, हात खाली आले.

"अंकल, आप बाहर," समिधा म्हणाली.

भाऊराव बाहेर गेले, पण व्हरांड्यातून आवाज आलाच. "साप निघाला तर सांगजो. काठी इथंच आहे."

दुसऱ्या दिवसापासून अंजनी एकटी. खरी अडचण कळली ती घड्याळाची. अकरा मिनिटं झाली का हे पाहायला ती डोळे उघडायची, तर चारच झालेली असायची. मोबाइलचा गजर लावला तर तो वाजेल म्हणून सगळं ध्यान गजराकडे. तिसऱ्या दिवशी भाऊराव आपलं मनगटी घड्याळ घेऊन खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर येऊन बसले. हातात स्टीलची वाटी आणि चमचा.

"टाइम मी पाहतो. तू आपलं पाहा."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा आखल्या. वर नाव, खाली चाळीस चौकोन, तारखांसकट. एक मस्टरच. तो त्यांनी मधल्या खोलीच्या भिंतीला लावला, शेजारी दोन खिळे ठोकले आणि कपाटातून आपलं स्वतःचं टोकन काढलं. नंबर चारशे सतरा, रिटायर होताना निरोप समारंभात दिलेलं. "बसायच्या आधी डावीकडून उजवीकडे," त्यांनी सांगितलं. थट्टेत सांगितलं की खरंच, हे अंजनीला नीट कळलं नाही. पण त्या दिवसापासून रोज पहाटे थंडगार पितळ बोटांत धरून ते एका खिळ्यावरून दुसऱ्यावर लावताना तिला वाटायचं, आपण कुठेतरी कामावर निघालो आहोत आणि तिथे आपली वाट पाहिली जाते आहे.

नवव्या दिवशी ध्यान चालू असताना दूधवाला आला. घंटा वाजली, एकदा, दोनदा. अडतीस वर्षं त्या घंटेला अंजनीच उठली होती. तिचे गुडघे आपोआप हलले. मग ते तिने तिथेच थांबवले. आतल्या आत किती जोर लागला ते तिचं तिलाच ठाऊक. भाऊराव उठले, दूध घेतलं, तापवायला ठेवलं आणि घड्याळाकडे पाहायला परत आले. अकरा मिनिटं झाली, वाटी वाजली, आणि स्वयंपाकघरातून जळक्या दुधाचा वास आला. ओटा, शेगडी, जमीन सगळीकडे दूध.

"तुमचा टाइम बरोबर होता," अंजनी फडकं घेत म्हणाली.

"दुधाचा मस्टर माझ्याकडे नव्हता," भाऊराव म्हणाले.

दिवस पुढे जात राहिले. रथसप्तमीला नर्मदा जयंती. सगळं गाव ग्वारीघाटाकडे लोटलेलं, हर्षाताई पहाटेच हाक मारायला आली. अंजनी म्हणाली, "चौदा मिनिटं थांब." हर्षाताई व्हरांड्यात कुरकुरत थांबली. सतराव्या दिवशी खांद्यांनी तक्रार थांबवली. एकोणिसाव्या दिवशी नुसता श्वास पाहत असताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दुःख नव्हतं, आठवणही कसली नव्हती. गालांवरून खाली उतरून ते उपरण्याच्या काठात जिरलं. तिने पुसलं नाही. भाऊरावांनी विचारलं नाही, पण त्या दिवशी चहा त्यांनी केला. समिधाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "होता है, मौसी. बहने दो."

कण्यात साप वगैरे काही हलला नाही. पण ती आता साडेतीनला जागी होत नसे. चारच्या पुढे जागी व्हायची आणि छताकडे न पाहता उठून पाणी तापवायची. चालताना तिची मान वर असायची. हे आधी हर्षाताईच्या लक्षात आलं. "उंच झाल्यासारखी वाटते गं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या पाठीला हात लावून पाहिला.

तिसाव्या दिवशी मझौलीला जायचं होतं. भाऊरावांचा चुलतभाऊ धनेश तिथे शेती आणि धान्याचं दुकान सांभाळायचा, त्याच्या मुलाचा साखरपुडा. अंजनीने पहाटे साडेचारलाच बसून घेतलं आणि मग निघाली. दिवसभर उभं राहणं, वाढणं, नातलगांच्या पायांशी वाकणं. परत येताना भाड्याची जीप रस्त्यात बंद पडली, घरी यायला फार उशीर झाला. तरी दुसऱ्या दिवशी सव्वापाचला ती घोंगडीवर होती. टोकन लावलं, तीन मिनिटं क्रिया केली, डोळे मिटले.

वाटी वाजली तेव्हा ती जणू एखाद्या खोल विहिरीतून वर आली. हातपाय हलके झाले होते. खोलीत केव्हा उजाडलं तिला समजलंच नव्हतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आज फार छान लागलं. वेळ गेलेला कळलाच नाही. मी नव्हतेच जणू."

भाऊराव मस्टरपाशी पाठमोरे उभे होते. "अच्छा," एवढंच म्हणाले.

तिने समिधाला सांगितलं, हर्षाताईला सांगितलं, अंबरीशला हैदराबादला फोन करून सांगितलं. पुढचे सगळे दिवस ती त्या एकतिसाव्या दिवसाशी ताडून पाहायची. आज त्याच्या निम्मं लागलं. आज जरा जवळ गेलं. तो दिवस तिच्यापाशी एखाद्या दागिन्यासारखा होता.

तेवीस फेब्रुवारीला एकोणचाळीस झाले. उद्या शेवटचा. हर्षाताईने परस्पर ठरवून टाकलं होतं की चाळिसाव्याला गल्लीतल्या बायकांनी सकाळी नऊला जमायचं, शिरा आणि चहा. शशिकांतलाही बोलावलं होतं. दुपारी अंजनीने मस्टरचा फोटो काढला, अंबरीशला पाठवायला. फोटो नीट आला का म्हणून तिने तो दोन बोटांनी मोठा केला आणि चौकोन मोजत गेली. ओळीने पी, पी, पी. भाऊरावांचं अक्षर कसं छापल्यासारखं. एकतिसाव्याच्या पी-खाली काहीतरी होतं. तिने मोबाइलची काच पुसली. मग भिंतीपाशी जाऊन चष्मा लावून पाहिलं.

ठिपका. पेन्सिलीचा, मोहरीएवढाही नाही.

भाऊराव व्हरांड्यात हरभरे सोलत बसले होते. ती कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अहो, हा ठिपका कशाचा?"

त्यांनी पाहिलं, आणि एक घाटा उगाच दोनदा सोलला. "पेन्सिल टेकली असेल."

"तुमची पेन्सिल चुकून टेकत नाही."

त्यांनी दाणे सुपात टाकले. मग हरभऱ्यांकडे पाहत म्हणाले, "झोपली होतीस तू."

"कधी?"

"ध्यानाच्या तिसऱ्या मिनिटाला. आठ मिनिटं वीस सेकंद. वाटी वाजवली तेव्हा उठलीस."

अंजनी खाली पायरीवर बसली. तिचा दागिना, ज्याच्याशी तिने आठ दिवस ताडून पाहिले होते, तो नुसती झोप होती. क्षणभर तिला हसूच येणार होतं. पण आलं नाही.

"मग उठवलं काहून नाही?"

"माझ्यानं झालं नाही," भाऊराव म्हणाले. "अडतीस वर्षं झाली, तुला अशी झोपलेली मी पाहिली नाही. पाठ ताठ, आणि कपाळावर एक आठी नाही. चमचा उचलला होता मी. दोनदा उचलला."

"मग नंतर सांगायचं."

"तू म्हणालीस, आज फार छान लागलं."

"त्या दिवशी नाही, तर दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी." तिचा आवाज चढला नव्हता, पण भाऊरावांनी मान वर केली. "तुमच्या सख्ख्या मेव्हण्याला चार मिनिटं सोडली नाही तुम्ही. मी दोन वर्षं चंद्राला ओवाळलं. आणि मला आठ मिनिटं सोडली. काहून? मी सांगते. तुम्हालाही वाटलं की हिला पुन्हा एकपासून सांगितलं तर ही करणार नाही. आठवी गोष्ट ट्रंकेत जाईल."

भाऊरावांनी हातातला घाटा खाली ठेवला. ते खोटं बोलू शकत नव्हते, आणि खरं तिने स्वतःच बोलून टाकलं होतं.

तिने समिधाला फोन लावला. समिधा हसली. "अरे मौसी, नींद तो सबको आती है. शरीर ने आराम कर लिया, बस. बैठी थी ना आप? गिन लो."

"तू तर म्हणाली होतीस एकपासून."

"वो दिन छूटने पे, मौसी. आप तो आसन पे थी. चलता है."

फोन ठेवून अंजनी मधल्या खोलीत जाऊन उभी राहिली. गुरूने सोडलं होतं, टाइमकीपरनेही सोडलं होतं. उद्या नऊला शिरा होता. तिने हो म्हटलं असतं तर जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. पण इतक्या वर्षांच्या सात गोष्टी तिला दुसऱ्यांनी सोडायला लावल्या होत्या, आणि ही आठवी तिला दुसऱ्यांनी पुरी करून द्यावी, हे तिला तितकंच जड झालं.

व्हरांड्यात परत येऊन तिने कागद भाऊरावांच्या पुढ्यात ठेवला. "ठिपका असा ठेवायचा नसतो. तुम्हीच सांगायचे. पाळी सुटायच्या आत काय ते करा."

"काय करू?"

"मला काय विचारता? टाइमकीपर तुम्ही."

त्यांनी आत जाऊन लाल पेन आणलं. चौतीस वर्षं ज्यांनी एका झटक्यात पी-चा ए केला, त्यांनी तो पी खोडायला बराच वेळ घेतला. मग त्याच्या शेजारी लाल ए मांडला. दुसरा फुलस्केप घेतला, रेघा आखल्या, आणि सोळा फेब्रुवारीपासून तारखा घातल्या. त्यात आठ पी भरून झाल्यावर म्हणाले, "रोज बसलीसच तू त्यानंतर. आज तुझा आठवा आहे."

"हो," अंजनी म्हणाली. "उद्या नववा."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बायका आल्या. शशिकांत जिलबीचा पुडा घेऊन आला. शिरा वाढून झाल्यावर अंजनी उभी राहिली आणि काय झालं ते सगळं तिने सरळ सांगून टाकलं, झोपेसकट.

"म्हणजे हे कशाचं जेवून राहिलो आपण?" हर्षाताईने बशीकडे पाहत विचारलं.

"नवव्याचं. अजून पाहिजे तर घे."

शशिकांत मोठ्याने हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "भाऊजी, मला चार मिनिटं, आणि इथे आठ मिनिटं वीस सेकंद?"

"म्हणून तर ए मांडला," भाऊराव म्हणाले.

शशिकांत उठून भिंतीपाशी गेला. जुना कागद अजून तिथेच होता, नव्याच्या शेजारी. लाल अक्षरावर त्याने बोट ठेवलं. "हाच तो," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "ओळखला मी याला. मी दोन वर्षं रुसलो होतो, ताई. तू दुसऱ्याच दिवशी कामावर."

पुढचे एकतीस दिवस कोणी बोलावलं नाही, कोणी विचारलं नाही. होळीला गल्लीत पहाटेपासून ढोल होता, त्यात ती बसली. पाडव्याला गुढी उभारायच्या आधी बसली. चैत्राची उष्णता सुरू झाली, घोंगडी गेली आणि सतरंजी आली. अडतिसाव्या दिवशी चौथ्या मिनिटाला तिची मान किंचित पुढे झुकली, आणि त्याच क्षणी वाटी वाजली. टण्ण. तिने डोळे उघडून कोपऱ्यात पाहिलं. भाऊराव चमचा हातात धरून बसले होते, चेहरा टाइम ऑफिसातला.

"सात मिनिटं बाकी आहेत," ते म्हणाले.

तिने पाठ सरळ केली आणि डोळे मिटले. त्या सात मिनिटांत विहीर वगैरे काही नव्हती. श्वास आत येत होता, बाहेर जात होता, गुडघा दुखत होता, बाहेर कोणीतरी सायकल टेकवली. हे सगळं तिला जागेपणी कळत होतं, आणि ते पुरेसं होतं. मग तिने एकतिसाव्या दिवसाशी काही ताडून पाहिलं नाही.

सत्तावीस मार्चला, सोमवारी, चाळिसावा पी भरला गेला. शिरा नव्हता. भाऊरावांनी पेनचं टोपण लावलं, टोकन खिळ्यावरून काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे आता तुझं." चहा तिने केला आणि दोघांनी व्हरांड्यात बसून घेतला. दूध उतू गेलं नाही.

त्यानंतरची हकीकत अशी. समिधाचं लग्न होऊन ती भोपाळला गेली, तिथे तिचा मोठा क्लास आहे. नव्या मुलामुलींना ती सांगते की जबलपूरला माझी एक मौसी आहे, नियम मी तिच्याकडून शिकले. हर्षाताईने दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा आठवड्याच्या आत सोडलं, आणि आता ती पहाटे अंजनीच्या व्हरांड्यात बसून जप करते, ते मात्र रोज. शशिकांत दर भाऊबीजेला येतो आणि दारात घड्याळ दाखवतो.

अंबरीश त्या दिवाळीला हैदराबादहून आला तेव्हा त्याने माळ्यावरून ट्रंक काढली आणि ओल्या फडक्याने झाकण पुसलं. खडू कधीच उडून गेला होता, तरी तो पुसत राहिला. अंजनीने क्रोशाचा टेबलक्लॉथ बाहेर काढला आणि त्या हिवाळ्यात चौथा कोपरा विणून टाकला. एम.ए. तसंच आहे, स्वेटरही. जुना मस्टर, लाल ए असलेला, तिने स्वतः घडी करून ट्रंकेत ठेवला.

अंजनी अजून रोज बसते. आता ती मोजत नाही.

भाऊरावांनी स्वतः पुढच्या आषाढात सुरुवात केली. बाराव्या दिवशी चुकले, मग सव्विसाव्या, मग एकदा सदतिसाव्या दिवशी खुर्चीतच घोरू लागले. आता चौथ्यांदा चालू आहे. घड्याळ, वाटी आणि मस्टर अंजनीकडे असतात. ती पेन्सिल वापरत नाही.